भट्टीतून आकाशात : ‘पायरोटेक्निक्स’ या शब्दाचा प्रवास



मागच्या व्याख्यानानंतर चहाच्या टेबलापाशी एका आजोबांनी आम्हाला गाठलं. नातवासाठी घेतलेल्या फटाक्यांच्या खोक्यावर, कारखान्याच्या नावात, त्यांनी ‘पायरोटेक्निक्स’ हा शब्द वाचला होता. ‘फायरवर्क्स कळतं, हे दुसरं काय प्रकरण आहे? आणि त्यातलं टेक्निक म्हणजे आपलं तंत्रच की नाही?’ आम्ही घाईत होतो. ‘ग्रीक भाषेत प्यूर म्हणजे अग्नी आणि तेख्ने म्हणजे कला, म्हणून पायरोटेक्निक्स म्हणजे शोभेच्या दारूची कला,’ असं सांगून मोकळे झालो. घरी जाताना मात्र चुटपुट लागली. दोन्ही ग्रीक शब्दांचे अर्थ बरोबर होते. चूक होती ती त्या ‘म्हणून’मध्ये. ज्या ग्रीकांचे हे शब्द, त्यांनी शोभेची दारू कधी पाहिलीच नव्हती. आणि ज्याच्या पुस्तकामुळे हा जोडशब्द युरोपभर गेला, तो माणूस फटाके विकणारा नव्हता. घंटा आणि तोफा ओतणारा होता. तेव्हा आजचं व्याख्यान म्हणजे त्या चहाच्या टेबलावरच्या उत्तराची दुरुस्ती आहे. आजोबा आज पहिल्या रांगेत बसलेत, हे आम्ही पाहिलं आहे.

आधी ‘प्यूर’ घेऊ. याचा जुना उच्चार आपल्या जिभेला सोपा नाही. ओठ ‘ऊ’साठी गोल करायचे आणि ‘ई’ म्हणायचं, तसा तो स्वर. इंग्रजीने त्याचा ‘पायर’ केला. हा शब्द तुमच्या घरात आधीच आहे. ताप आला की डॉक्टर जे औषध देतात त्याला ‘अँटिपायरेटिक’ म्हणतात. ग्रीकमध्ये ‘प्युरेतोस’ म्हणजे ताप, अंगातली आग. पोलादावर आपटला की ठिणगी टाकणारा पिवळा चकचकीत खनिज दगड, तो ‘पायराइट’. चितेला इंग्रजीत ‘पायर’ म्हणतात, तोही तिथूनच आला.

आता गंमत बघा. इंग्रजीचा स्वतःचा, घरचा शब्द आहे ‘फायर’. हा ‘फायर’ आणि ग्रीक ‘प्यूर’ एकाच मूळ शब्दाची दोन रूपं आहेत. जर्मनिक कुळातल्या भाषांमध्ये फार जुन्या काळी शब्दारंभीच्या ‘प’चा ‘फ’ झाला. आपला ‘पाय’ तिकडे ‘फूट’, आपले ‘पंच’ तिकडे ‘फाइव्ह’, आपला ‘पिता’ तिकडे ‘फादर’. त्याच नियमाने ‘प्यूर’च्या भावाचा ‘फायर’ झाला. म्हणजे ‘फायरवर्क्स’ आणि ‘पायरोटेक्निक्स’ या दोन शब्दांचा पहिला अर्धा भाग एकच आहे. एकदा घरातून आलेला, एकदा परदेशातून मागवलेला. घरच्या शब्दाला शेतकऱ्याचे कपडे, मागवलेल्याला दरबारी अंगरखा. याच शब्दाचा आणखी एक भाऊ तुर्कस्तानात सापडलेल्या हित्ती भाषेच्या मातीच्या विटांवर आहे, ‘पह्हुर’. इटलीत रोमच्या शेजारच्या उंब्रियन लोकांत ‘पिर’ होता. पण खुद्द रोममध्ये, लॅटिनमध्ये, हा शब्द नाही. तिथे ‘इग्निस’.

आणि ‘इग्निस’ म्हटलं की मराठी माणसाचे कान टवकारतात. बरोबरच आहे. ‘इग्निस’ आणि ‘अग्नी’ सख्खे भाऊ आहेत. लिथुआनियन भाषेत ‘उग्निस’ आहे, रशियनमध्ये ‘अगोन्य’. गाडीची किल्ली फिरवून ‘इग्निशन’ देता, तेव्हा एका अर्थाने तुम्ही अग्नीचंच नाव घेत असता.

मग एका मूळ भाषेत आगीला दोन शब्द कशाला? आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने याचं एक उत्तर दिलं होतं. एक शब्द जिवंत, चालत्याबोलत्या अग्नीचा, ज्याला हाक मारता येते, तो व्याकरणात पुल्लिंगी. वेदांतला अग्नी तसा. दुसरा शब्द आग नावाच्या वस्तूचा, तो नपुंसकलिंगी. ग्रीक ‘प्यूर’ तसा. ही कल्पना फार ताणू नये, कारण ग्रीकांकडेही हेफाइस्टोस नावाचा भट्टीचा देव होताच. पण आपल्याला ती पटकन कळते, कारण मराठीत आपण रोज असंच करतो. चितेला अग्नी देतात. घराला आग लागते. चुलीत जाळ करतात. शेजारणीकडून मागायचा तो विस्तव. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी घालून बघा, घरातली म्हातारी माणसं लगेच दुरुस्त करतील.

इथे एक सावधगिरी. संस्कृतात अग्नीला ‘पावक’ म्हणतात. ‘प्यूर’ आणि ‘पावक’, दोन्हींत ‘प’, दोन्ही आग. लगेच नातं जोडायचा मोह होतो. पण ‘पावक’ हा ‘पू’ म्हणजे शुद्ध करणे या धातूपासून सांगितला जातो. आवाज जुळला म्हणजे सोयरीक होत नाही.

हेच ‘तंत्र’ आणि ‘टेक्निक’चं. आजोबांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. ‘टेक्नॉलॉजी’ला आपण ‘तंत्रज्ञान’ हा इतका सुरेख शब्द केला, की दोन्ही एकाच घरचे वाटतात. नाहीत. ‘तंत्र’ हा ‘तन्’ म्हणजे ताणणे यापासून, मागावर ताणलेला ताणा त्याच्या मुळाशी आहे. ‘तेख्ने’ दुसऱ्या घरचा. ग्रीकमध्ये ‘तेक्तोन’ म्हणजे सुतार, ज्याच्यापासून पुढे ‘आर्किटेक्ट’ झाला. आणि त्या ‘तेक्तोन’चा संस्कृतातला भाऊ आहे ‘तक्षन्’, तोही सुतारच. ‘तक्ष्’ म्हणजे लाकूड छिलून आकार देणे. मराठीत हा धातू अजून कामाला जातो. लाकूड ‘तासणे’ म्हणतो ना आपण, तो हाच. तेव्हा आजोबा, ‘टेक्निक’ला मराठीत नातेवाईक आहे, पण तो ‘तंत्र’ नव्हे. तो सुताराच्या हातातल्या तासणीत आहे.

‘तेख्ने’चं भाषांतर आम्ही त्या दिवशी ‘कला’ केलं, तेही थोडं फसवंच. आज कला म्हटलं की आपल्याला गायन, चित्र दिसतं. ग्रीकांच्या तेख्नेमध्ये वैद्य, नावाडी, कुंभार, चांभार सगळे येत. हाताला वळण आणि डोक्याला नियम ठाऊक असलेलं कुठलंही काम. ‘हुन्नर’ हा शब्द जास्त जवळचा.

आग आणि हुन्नर या दोन गोष्टी ग्रीक विचारात फार आधीपासून शेजारी उभ्या आहेत. प्रोमेथिउसची कथा तुम्हाला ठाऊक आहे. देवांची आग चोरून माणसाला देणारा. प्लेटोच्या ‘प्रोतागोरास’ या संवादात ही कथा येते, आणि तिथे प्रोमेथिउस नुसती आग चोरत नाही. हेफाइस्टोस आणि अथेना यांच्याकडून तो हुन्नराचं शहाणपण चोरतो, आणि त्याच्या जोडीला आग, कारण आगीवाचून ते शहाणपण वापरता येत नाही. एस्किलसच्या नावावर असलेल्या नाटकातही, आगीपासून माणसं अनेक तेख्ने शिकतील, असा आशय आहे. म्हणजे ‘प्यूर’ आणि ‘तेख्ने’ एका वाक्यात आले होते. पण त्यांचा एक शब्द व्हायला आणखी जवळजवळ दोन हजार वर्षं गेली.

का गेली असतील? आमचं मत सांगतो. ग्रीकांना आगीची कामं हवी होती, पण ती करणारा माणूस पंक्तीला नको होता. असल्या कारागिरांसाठी त्यांच्याकडे ‘बानाउसोस’ असा शब्द होता. त्याची परंपरेने दिलेली व्युत्पत्ती ‘भट्टी’वरूनच आहे, आणि शब्दाला चक्क तुच्छतेचा वास होता. झेनोफोनच्या एका ग्रंथात सॉक्रेटिसच्या तोंडी असा विचार आहे, की असली कामं शरीर बिघडवतात, दिवसभर सावलीत बसायला लावतात, काही तर दिवसभर विस्तवापाशी, आणि मग अशा माणसांना मित्रांसाठी आणि नगरासाठी वेळ उरत नाही. आपल्याकडे हे ऐकून कुणी नाक मुरडायचं कारण नाही. लोहार, तांबट, ओतारी यांनी घडवलेली भांडी घरात आणि ते स्वतः वेशीकडेला, हे आपणही केलंच.

आता लॅटिनकडे जाऊ. लॅटिनने या शब्दाला दोन वाटांनी हात लावला. एक म्हणजे ‘तेख्ने’ला रोमनांनी ‘आर्स’ हा आपला शब्द वापरला. ‘आर्स’ आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे, या दोहोंतून ‘आर्तिफिकिउम’ झाला, म्हणजे कसबाने केलेली गोष्ट. आजही फ्रेंच माणूस आतषबाजीला ‘फ द’आर्तिफिस’ म्हणतो, इटालियन ‘फुओकी द’आर्तिफिचो’, पोर्तुगीजही तसंच. म्हणजे कसबाची आग. इंग्रजीतल्या ‘आर्टिफिशियल’चंही मूळ तेच, आणि एके काळी ‘आर्टिफिशियल’ ही शाबासकी होती. पुढे ती घसरली आणि त्याचा अर्थ ‘नकली’ झाला. आपल्या ‘कृत्रिम’चं असंच झालं, ‘कृ’ म्हणजे करणे, मुद्दाम केलेलं ते कृत्रिम, आणि आता कृत्रिम हसू म्हटलं की कुणाला आवडत नाही. हाताने केलेल्या गोष्टींची नावं अशी वरून खाली येताना फार दिसतात.

दुसरी वाट जास्त मजेची. मघाच्या फ्रेंच ‘फ’मध्ये आणि इटालियन ‘फुओको’मध्ये ‘इग्निस’ कुठे आहे? नाही. लॅटिनच्या मुलींनी आईचा ‘इग्निस’ टाकून दिला आणि स्वयंपाकघरातला ‘फोकस’ उचलला. ‘फोकस’ म्हणजे चूल. चुलीचं नाव आगीला मिळालं. पुढे केप्लरने १६०४ साली प्रकाशशास्त्रावर लिहिताना शंकुच्छेदांच्या एका खास बिंदूला ‘फोकस’ म्हटलं, बहुधा भिंगातून किरण जिथे एकवटतात तिथे ठेवलेली वस्तू जळते म्हणून! आज आपण कॅमेरा फोकस करतो, मुलांना अभ्यासावर फोकस करायला सांगतो. बोलतो ती गोष्ट चुलीची आहे.

आता पुन्हा मुख्य रस्त्याला. शब्द ग्रीक, लॅटिन. पण वस्तू कुणाची? आकाशात जाऊन फुटणारी दारू चिनी आहे, याबद्दल वाद नाही. नवव्या शतकाच्या सुमाराच्या एका चिनी ग्रंथात किमयागारांना इशारा दिलेला सापडतो, की गंधक, मनशीळ आणि सोरा मधाबरोबर तापवू नका. काहींनी तसं केलं आणि हात-तोंड भाजून घेतलं, घर जाळलं. १०४४ सालच्या ‘वूजिंग झोंगयाव’ या लष्करी ग्रंथात तर मिश्रणाचे पाठच आहेत. हे किमयागार शोधत काय होते? दीर्घायुष्याचं औषध. म्हणून चिनी भाषेत या पुडीचं नाव पडलं ‘हुओयाव’, म्हणजे ‘आगीचं औषध’.

आणि आपण काय म्हणतो? दारू. ‘दारू’ हा फारसी शब्द, आणि फारसीत त्याचा पहिला अर्थ औषध. ‘दवादारू केली’ म्हणतो तेव्हा आपण तो जुना अर्थच वापरतो. बंदुकीच्या पुडीला फारसीत ‘दारू-ए-तुफंग’ म्हणत, बंदुकीचं औषध. तिथून आपला दारूगोळा, शोभेची दारू, दारूकाम, आणि मुंबईतला रे रोडजवळचा दारूखाना. ते नाव ऐकून आमच्या एका विद्यार्थ्याला भलतंच वाटलं होतं. तेव्हा बीजिंगमध्ये आणि बारामतीत या पुडीला औषधच म्हणतात, ही साधी गोष्ट नाही. चिनी वस्तूच्या अंगावरची औषधाची खूण मराठी नावात टिकली. ग्रीक नावात ती पार पुसली गेली.

युरोपात आग फेकण्याची विद्या नव्हती असं नाही. सातव्या शतकात बायझंटाइन लोकांनी अरबांच्या जहाजांवर नळीतून पेटतं द्रव सोडलं. कालिनिकोस नावाच्या सीरियातून आलेल्या कारागिराने ते आणलं असं इतिहासकार थिओफानेस सांगतो. पण ती दारू नव्हती, पाण्यावर जळणारं तेलकट काहीतरी होतं. सोरा युरोपात तेराव्या शतकात दिसू लागतो. रॉजर बेकन १२६७च्या सुमारास अंगठ्याएवढ्या एका खेळण्याचं वर्णन करतो, पोरं ते पेटवतात आणि केवढा आवाज होतो म्हणून. इंग्लंडच्या एका पाद्र्याने ऐकलेला हा फटाका. त्याच्यानंतर लवकरच ‘लिबेर इग्निउम’, म्हणजे ‘आगींचं पुस्तक’, असं लॅटिन पुस्तक फिरू लागतं. त्यात ‘उडती आग’ आहे. पण लक्षात घ्या, पुस्तकाच्या नावात अजून ‘इग्निस’ आहे, ‘प्यूर’ नाही.

‘प्यूर’ला पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आणणारं पुस्तक आहे वान्नोच्चो बिरिंगुच्चो यांचं. हे इटलीतल्या सिएनाचे, जन्म १४८०. खाणी पाहिल्या, लोखंडाची भट्टी सांभाळली, सिएनाच्या टांकसाळीत होते तेव्हा नाण्यांत हीण मिसळल्याचा आरोप झाला आणि गाव सोडावं लागलं. फ्लोरेन्ससाठी तोफा ओतल्या. १५३८ साली रोममध्ये पोपच्या ओतशाळेचे आणि दारूगोळ्याचे प्रमुख झाले. १५४० साली व्हेनिसला त्यांचं ‘दे ला पिरोतेक्निया’ छापून आलं, तेव्हा ते हयात नव्हते.

हे पुस्तक उघडणाऱ्याला आतषबाजी हवी असेल तर त्याला फार पानं उलटावी लागतात. दहा भाग आहेत. सोनं, चांदी, तांबं, शिसं, कथील, लोखंड यांच्या खनिजांपासून सुरुवात. मग गंधक, पारा, तुरटी. मग कस लावणं, सोन्याचांदीची फारकत, मिश्रधातू. मग साचे, घंटा, तोफा. घंटेचा आवाज आणि तिचं वजन यांचं प्रमाण. भाते कसे लावावे. नवव्या भागात टांकसाळ, सोनार, लोहार, तार ओढणारे, आरसे करणारे, कुंभार, विटा आणि चुना भाजणारे. आगीपाशी उभं राहून जो जो पोट भरतो, तो तो इथे आहे. फक्त किमयागारांची त्यांनी कानउघाडणी केलेली आहे, सोनं करायच्या थापा मारतात म्हणून. आणि शेवटच्या, दहाव्या भागात सोरा, दारू, सुरुंग, युद्धात फेकायची आग, आणि सगळ्यांत शेवटी सणासुदीची आतषबाजी. रोमच्या सांत’आंजेलो किल्ल्यावर पोपच्या निवडीच्या वेळी होणाऱ्या दारूकामाचं वर्णन त्यात आहे. तेही एका खर्चाची काळजी असलेल्या माणसाच्या नजरेने. हे सारं क्षणात संपतं, हे त्यांना दिसत होतं. आणि पुस्तक संपतं कशाने? राख न ठेवता जाळणाऱ्या आगीवर. म्हणजे प्रेमावर. आयुष्यभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाने शेवटचं प्रकरण प्रेमाच्या आगीला द्यावं, हे आम्हाला प्रत्येक वेळी वाचताना हलवून जातं.

पुस्तक इटालियन बोलीभाषेत आहे, लॅटिनमध्ये नाही. ओतशाळेतल्या माणसाला वाचता यावं म्हणून. मग नाव ग्रीक का? आमचा तर्क असा, की ते नाव म्हणजे मागितलेला मान होता. विद्यापीठांत ज्योतिष, भूमिती, संगीत यांना ग्रीक नावं होती. काजळीने काळ्या झालेल्या या सगळ्या धंद्यांना एकत्र बांधून, बानाउसोस म्हणून हिणवलेल्यांच्या हुन्नराला ग्रीकांच्याच भाषेत ‘तेख्ने’ म्हणणं ही मोठी गोष्ट होती. सोळा वर्षांनी, १५५६ साली, बाझेलमध्ये अग्रिकोलाचा ‘दे रे मेतालिका’ आला, शुद्ध लॅटिनमध्ये, आणि त्याने बिरिंगुच्चोंचं ऋण मान्य केलं. पंडित कारागिराकडून उचलतो आणि नाव घेतो, हे त्या काळात विरळाच.

तेव्हा पिरोतेक्निया म्हणजे आगीने होणारं सगळं काम. शंभर वर्षांनीही हा मोठा अर्थ जिवंत होता. ‘अग्नीच्या मार्गाने तत्त्वज्ञ’ असं स्वतःला म्हणवणारा फान हेल्मोन्ट हा वैद्य-रसायनी होऊन गेला, त्याचा अनुयायी जॉर्ज स्टार्की. याने १६५८ साली लंडनमध्ये ‘पायरोटेक्नी’चा कैवार घेणारं पुस्तक काढलं. त्यात एकही बाण आकाशात उडत नाही. त्याची पायरोटेक्नी म्हणजे रसायनविद्या, भट्टीत औषधं सिद्ध करण्याची. पुन्हा औषध आलं बघा. पण त्याच शहरात आधीच, १६३५ साली, जॉन बॅबिंग्टन या तोफखान्यातल्या माणसाने ‘पायरोटेक्निया’ नावाचं पुस्तक लिहिलं होतं, आणि ते होतं आतषबाजीवर. एक शब्द, एक शहर, दोन अर्थ भांडताहेत.

जिंकलं कोण, ते खोक्यावर छापलेलंच आहे. आणि ते असं घडलं, की मोठ्या वाड्यातल्या एकेका भावाने आपली चूल वेगळी मांडली. धातूचं काम ‘मेटलर्जी’ या ग्रीक नावाने निघून गेलं. औषधं आणि अर्क ‘केमिस्ट्री’ने नेले. मातीची भांडी ‘सिरॅमिक्स’ने नेली, ‘केरामोस’ म्हणजे कुंभाराची माती. तोफा ‘आर्टिलरी’कडे गेल्या. प्रत्येकाला नवं नाव, नवी विद्यापीठाची खुर्ची. जुन्या वाड्यात राहिला फक्त बिरिंगुच्चोंच्या शेवटच्या भागातला तो उत्सवाचा बाण. मोठं नाव त्याच्या वाट्याला आलं. एकोणिसाव्या शतकात तर नुसत्या शब्दांची आतषबाजी करणाऱ्या वक्त्यालाही इंग्रज ‘पायरोटेक्निक्स’ म्हणू लागले. आम्ही इथे जरा जपून बोलतो आहोत, ते त्यामुळेच.

‘फायरवर्क’ या घरच्या शब्दाचंही असंच. सोळाव्या शतकाच्या मध्यात तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ युद्धात वापरायचं आगीचं साधन असा होता. शोभा मागून आली. दोन्ही कामं एकाच खात्यात होती. १७४९ साली एक्स-ला-शापेलच्या तहाचा उत्सव लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये झाला. हँडलने त्यासाठी संगीत लिहिलं, ते आजही वाजतं. त्या समारंभाच्या अधिकाऱ्याचा हुद्दाच होता ‘युद्धासाठी तसेच विजयोत्सवासाठी राजाच्या आतषबाजीचा नियंत्रक’. २७ एप्रिलच्या रात्री सर्वांदोनी या वास्तुकाराने उभारलेल्या लाकडी महालाच्या एका बाजूला आग लागली आणि त्या बिचाऱ्याने संतापून नियंत्रकावर तलवार उपसली. त्याला अटक झाली. संगीत मात्र उत्तम झालं होतं.

या युद्ध-उत्सवाच्या खात्यातले बाकीचे शब्दही लॅटिन-ग्रीकच आहेत, आणि काही चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत. दरवाजा उडवायच्या सुरुंगाला फ्रेंचांनी ‘पेतार’ म्हटलं. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पेदेरे’, म्हणजे पोटातला वायू सोडणे. सैनिकांचा विनोद सगळीकडे सारखाच. ‘ग्रेनेड’ म्हणजे दाण्यांनी भरलेलं डाळिंब. ‘बॉम्ब’ हा ग्रीक ‘बोम्बोस’, म्हणजे भुंग्यासारखा घुमणारा आवाज. पोर्तुगीजमध्ये ‘बोंबा’ असा एक शब्द, त्याचा अर्थ बॉम्बगोळाही आणि पाण्याचा पंपही. पंपाच्या अर्थाने तो मराठीत ‘बंब’ झाला. दिवाळीत सुतळी बॉम्बने गवताची गंजी पेटते आणि विझवायला आगीचा बंब येतो, तेव्हा पोर्तुगीजांच्या एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ एका जागी जमतात.

आपल्याकडच्या दारूकामाचा इतिहास पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी कागद चाळून चाळून जमवला. १४०० ते १९०० या काळातल्या भारतीय आतषबाजीवर त्यांचं छोटं इंग्रजी पुस्तक आहे, आणि ते जिज्ञासूंनी वाचावं. एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’त लग्नाच्या वेळी दारूकाम होतं, हे त्यांनी दाखवलं. द्वारकेत दारू कुठली? नाथांनी आपल्या डोळ्यांसमोरचं, सोळाव्या शतकातलं लग्न रुक्मिणीला दिलं. बिरिंगुच्चो आणि नाथ एकाच शतकातले, हेही जाता जाता ध्यानात ठेवा. पेशव्यांच्या बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीतली दारूची लंका वर्णन करून सांगतात. आपल्या शब्दांत हुन्नर कुठे आहे तर ‘दारूकाम’मध्ये, ‘काम’ म्हटल्यामुळे. फारसीतून घेतलेल्या ‘आतषबाजी’त ‘बाजी’ म्हणजे खेळ. एकाच गोष्टीला ग्रीक नाव हुन्नर म्हणतं, फारसी नाव खेळ म्हणतं, आणि मराठी माणूस दोन्ही वापरतो. उडवणारा आतषबाजी म्हणतो, वळणारा दारूकाम.

वळणाऱ्याच्या हाताकडून गेलेलं ते मोठं नाव आता एका अनपेक्षित जागी परत आलं आहे. गेली पन्नासेक वर्षं पुरातत्त्वातले लोक ‘पायरोटेक्नॉलॉजी’ हा शब्द वापरतात, आणि त्यांना फटाके अभिप्रेत नसतात. आगीने पदार्थ बदलण्याचं माणसाचं सगळं ज्ञान, असा त्यांचा अर्थ. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ उत्खनन केलं, आणि ताम्रपाषाण काळातली कुंभाराची गोल भट्टी मातीतून वर आली. प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडला. चारही तांब्याचे, भरीव ओतलेले, मिळून साठ किलोंच्या वर. हे ओतणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण त्याच्या कामासाठी आजचा संशोधक जो शब्द लिहितो, तो वाचून बिरिंगुच्चोंना काहीही समजावून सांगावं लागलं नसतं.

आजोबा, आता खोक्याबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर विचारा. चहाला अजून दहा मिनिटं आहेत.